मागं जागा नसलेली गाडी

“मागच्याले आणतो!” असं ओरडून दिलीप तिसऱ्यांदा पाण्यात शिरला.

मी काठावर चिखलात बसले होते. लुगडं अंगाला चिकटलेलं, एक चप्पल वाहून गेलेली, नाकातोंडात गढूळ पाणी. माझा नवरा शेजारी उपडा पडून ओकत होता. गाडीत आम्ही दोघंच होतो आणि दोघंही बाहेर निघालो होतो. मग हा माणूस कोणाला आणायला चालला?

“मागं कोणी नाही! अरे, त्या गाडीले मागं जागाच नाही!” मी बोंबलले. पण नाल्याचा आवाज असा होता की माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

त्याच्या कमरेला दोर होता. दोराचं टोक तीन बायांच्या हातात. तो गाडीपाशी पोचला, मागच्या बाजूनं वाकला आणि पाण्यात दोन्ही हात घालून त्यानं काहीतरी धरलं. धरलं, हे मी पाहिलं. जड पोतं ओढताना माणूस मागं रेलतो तसा तो रेलला. तेवढ्यात गाडी दगडावरून सुटली. गाडी गेली आणि तिच्यासोबत दिलीपही रपट्याच्या खाली गेला. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, पावसाळ्यात ज्याच्या वरून पाणी जातं तो. दोर ताणला आणि बायांच्या तळहातांची सालं काढत सरकायला लागला.

आता पहिल्यापासून सांगते.

माझं वय बहात्तर. शाळा चौथीपर्यंत. भूतबाधा, अंगात येणं, करणी... असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आले. माझ्या जावेच्या अंगात यायचं. मी तिला म्हणायची, बाई, अंगात आलंच आहे तर दोन माणसांचं काम कर, एवढं शेण थापून टाक. अंगातलं लगेच निघून जायचं. तेव्हा भुताखेतांचे अनुभव सांगायच्या या ग्रुपवर मी काही लिहीन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. नातीनं टाइप करून दिलं आहे. शब्द माझे आहेत.

माझे मालक एसटीत ड्रायव्हर होते. तेहतीस वर्षं. रिटायर झाल्यावर बरीच वर्षं गप्प बसले, आणि मागच्या वर्षी एकदम म्हणाले, “मले गाडी घ्याची हाय. दोनच सीटची. वरून उघडी.”

मी म्हटलं, “डोकं ठिकाणावर हाय ना?”

“तेहतीस वर्षं पाठीमागं पन्नास जण बसले माह्या. कोणी ओकते, कोणी भांडते, कोणी म्हणते हळू चालवा, कोणी म्हणते झोपले का. आता मले अशी गाडी पाहिजे का मागं कोणी बसूच शकत नाही.”

“मंग सायकल घ्या.”

“सायकलीले कॅरिअर असते.”

मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर हसला. म्हणाला, बाबा, हे श्रीमंतांचे खेळ आहेत. नवी घेणं आमच्या बापजन्मी जमणारं नव्हतं. पण जुनी मिळते म्हणे. मोबाइलवर बोट फिरवून फिरवून यांनी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या तीन शोधल्या. मी सोबत गेले. बैलजोडी घेतानाही मी सोबत जायची. विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचं काम माझं.

पहिली यवतमाळातच, एका गॅरेजात. लाल भडक, नवरीसारखी. यांनी पायाखालचं मॅट उचललं तर पत्रा सडून खालची जमीन दिसत होती. मी म्हटलं, “वरून उघडी, खालून उघडी. मधात आपण कायले बसाचं?” गॅरेजवाला रागावला. आम्ही निघालो.

दुसरी पुसदला, एका डॉक्टरची. पिवळी, काचेसारखी स्वच्छ. पण इतकी बुटकी की मी आत बसले ती बसलेच. गुडघे वर, कंबर खाली. डॉक्टर आणि कंपाउंडर, दोघांनी दोन हात धरून मला उपसून काढलं. शिवाय डॉक्टर जे मागत होता ते आमच्या ऐपतीच्या बाहेर होतं. गाडीपायी शेत विकणाऱ्यातले आम्ही नाही.

तिसरी बाभुळगावला. बंडू म्हणून एक मंडप-डेकोरेशनवाला आहे, त्यानं ती लग्नाच्या वरातीसाठी ठेवली होती. निळी. सीटच्या शिवणीत चमकी अडकलेली, डिक्कीत प्लास्टिकचा झेंडू. बंडू म्हणाला, “काकू, या गाडीत हळद लागलेल्या माणसाशिवाय कोणी बसलंच नाही. चालली किती? घर ते मंगल कार्यालय.”

यांनी बॉनेटवर हात ठेवून पाहिला. इंजिन गार होतं. विकणारा आधीच चालू करून गरम करून ठेवतो, म्हणजे इंजिनाचा सकाळचा खोकला कळत नाही. हे सगळं यांना पाठ. लाकडी दांडा इंजिनाला लावून दुसरं टोक कानाशी धरलं. चाकं जॅकवर उचलून हलवून पाहिली. ब्रेक दहा वेळा दाबला. सीटच्या मागं कापडी छताची घडी बसते तेवढी एक खाच, आणि त्यामागं डिक्कीचं झाकण. बस. तिथं मांजर बसलं तर बसलं, माणूस नाही. हे मी स्वतः हात फिरवून पाहिलं आहे म्हणून सांगते.

“छत गळते का?” यांनी विचारलं.

“नाही काका.”

“पाऊस आल्यावर सांग. पावसात चालवून पाहीन, मंग बोलू.”

पोळा होऊन आठवडा झाला असेल. सकाळी पाऊस लागला. बंडूचा फोन आला, आम्ही बाभुळगावला गेलो. छत लावून निघालो तर शिवणीतून पाण्याची धार नेमकी माझ्या मांडीवर. यांना मोठा आनंद. म्हणाले, शिवून घेता येते, पत्र्यापेक्षा बरं. दहाच्या सुमाराला लख्ख ऊन पडलं. यांनी छत मागं दुमडलं आणि गाडी एका गावाच्या रस्त्याला घातली. गावाचं नाव लिहीत नाही, दिलीपनं नको म्हटलं आहे.

खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. दोन्हीकडे कपाशी, वर आभाळ, आणि हा म्हातारा गुणगुणत होता. लग्नाला बावन्न वर्षं झाली, मी याला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

मग तो रपटा आला. आमच्याकडे ऊन होतं, पण वर कुठंतरी जोरात पडला असावा. रपट्यावरून पाणी चाललं होतं. पोटरीभर असेल असं वाटत होतं, गढूळ, वेगात. पलीकडच्या काठावर एक ट्रॅक्टर उभा. त्याच्यापाशी एक माणूस आणि तण निंदणाऱ्या तीन बाया. ते पाणी उतरायची वाट पाहत थांबलेले.

यांनीही गाडी थांबवली. मला वाटलं, शहाणपण केलं. दोघंही समोर बघत बसलो. इंजिन चालू.

आणि गाडीचा मागचा भाग उचलला गेला.

ज्यांनी बैलगाडी वापरली त्यांना हे सांगायला नको. मागून कोणी उतरलं की गाडी कशी हलकी होते, पाठीला कळतं. तसं झालं. मी मागं वळून पाहिलं. काही नाही. छताची घडी, डिक्की, ओला रस्ता. मी यांच्याकडे पाहिलं. हे समोर बघत होते, एकदम शांत, हात स्टिअरिंगवर. कोणाची तरी वाट पाहतात तसे.

“काय झालं?” मी विचारलं.

“थांब जरा,” हे म्हणाले. “पाहून येऊ दे.”

मला वाटलं, पाणी पाहू दे म्हणतात. आता मात्र ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. ‘पाहू दे’ नाही. ‘पाहून येऊ दे’.

दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग गाडी मागून दबली. कोणी चढावं तशी. लागलीच माझ्या कानामागं घंटी वाजली. टण! जुन्या एसटीत कंडक्टर दोरी ओढायचा आणि ड्रायव्हरच्या डोक्याजवळ वाजायची, तीच.

एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी एकच ऐकली. शपथेवर सांगते, एकच. आणि यांनी गिअर टाकून गाडी पाण्यात घातली.

“अवो! अवो, काय करता!”

अर्ध्यात इंजिन बंद पडलं. पाणी पोटरीभर नव्हतं. बुटक्या गाडीत ते सीटच्या वर आलं. गाडी आडवी होत सरकली आणि कडेच्या खुणेच्या दगडाला अडकली. वरून उघडी होती म्हणून आम्ही सीटवर उभं राहू शकलो, नाहीतर डब्यात बुडालो असतो. मी यांचा सदरा धरला, यांनी काच धरली. पलीकडचा तो माणूस, दिलीप राठोड, ट्रॅक्टरवरचा दोर कमरेला बांधून आलाच. विचारायला थांबला नाही. आधी मला नेलं, मग यांना. आणि मग तिसऱ्यांदा गेला.

पुढचं वर लिहिलं आहे. दोर सरकला, पण दिलीपच्या आईनं, सीताबाईनं, तो ट्रॅक्टरच्या हुकाला गुंडाळला. थोराड बाई, डोकं जागेवर. दिलीप वर आला तेव्हा त्याचा उजवा हात खांद्यातून निखळून लोंबत होता. ओठ निळे. पहिला शब्द काय बोलला?

“सुटला. माह्या हातातून सुटला.”

“कोण सुटला रे?”

“तो मागचा. खाकीवाला.”

मी सीताबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, “मी बी पाह्यलं ना बाई. तुमची गाडी थांबली, तो मागून उतरला, पाण्यात पाय घालून पाह्यलं त्यानं. दोन पावलं, चार पावलं. मंग परत जाऊन मागं उभा राह्यला.” दुसऱ्या दोन बाया म्हणाल्या, आम्हाला तर दोन म्हातारी माणसंच दिसली. चौघं एकाच काठावर, एकाच जागी उभे. दोघांना दिसला, दोघींना नाही.

आता एसटीच्या कामाची एक गोष्ट सांगते, नाहीतर तुम्हाला कळणार नाही. रपट्यावर पाणी असलं की ड्रायव्हर गाडी थांबवतो. कंडक्टर खाली उतरतो, पाण्यात पाय घालून अंदाज घेतो, परत चढतो आणि डबल देतो, म्हणजे दोन घंट्या. डबल मिळाली की ड्रायव्हर स्वतःचं डोकं चालवत नाही. पाणी पाहणं कंडक्टरचं काम, गाडी काढणं याचं. तेहतीस वर्षं याच भरवशावर गाडी चालवलेली.

दवाखान्यात यांना सलाइन लागलं होतं. मी विचारलं, “गाडी काहून घातली पाण्यात?”

“डबल मिळाली.”

“कोणी देली?”

“वानखडेनं. दुसरं कोण देते?” असं अगदी सहज म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं, आणि चेहरा उतरला.

वानखडे कंडक्टर यांच्यासोबत अकरा वर्षं होते. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. साखरेच्या आजारानं, घरी, खाटेवर गेले. त्या नाल्याशी त्यांचा काही संबंध नाही. त्या रस्त्याला यांची एसटी कधी लागलीही नव्हती. आणि दोघांचं काही फार सख्य होतं असंही नाही. डब्यातल्या भाजीवरून भांडायचे. शेवटी शेवटी तर बोलणंच बंद होतं. माणूस खडूस, पण कामाला पक्का. पाण्यात पाय घातल्याशिवाय त्यांनी डबल दिली नाही, आणि त्यांची डबल कधी चुकली नाही, हे हेच सांगतात.

मग हे काय झालं? वानखडेंनी एक दिली होती का, थांबा म्हणून, आणि यांनी सवयीनं दुसरी मनातच वाजवली? की दोन दिल्या आणि मला एकच ऐकू आली? वाचवायला आले होते की न्यायला? आणि दिलीपनं ज्या माणसाला कधी पाहिलंच नाही तो त्याला दिसला कसा? मी उलटसुलट करून पाहिलं. जिथून धरावं तिथून सुटतं.

गाडी दुसऱ्या दिवशी खाली बाभळीत अडकलेली सापडली. बंडूला ती परत कोणत्या तोंडानं द्यायची? आम्हीच घेतली. तीन पाहिल्या, आणि निवड अशी झाली. मिस्त्रीनं सगळी खोलली. मी बाजूला खुर्ची टाकून बसले होते. म्हटलं, यात घंटीसारखं वाजेल असं काय आहे ते दाखव. जॅकचा दांडा होता, त्यानं पत्र्यावर आपटून पाहिला. खडखड वाजला. टण नाही वाजला. मागच्या स्प्रिंगा ठीक होत्या. गाडी आपोआप उचलायचं, दबायचं काही कारण त्याला सापडलं नाही.

इथवर असतं तर मी लिहिलंही नसतं. म्हातारपणी कानाला काहीही ऐकू येतं म्हणून सोडून दिलं असतं. पण दिलीपचं काय करायचं?

गावच्या लोकांनी दोन दिवस नाला शोधला. पोलीस पाटलानं आजूबाजूच्या गावांत विचारलं. कोणाच्याच घरचं माणूस हरवलेलं नाही. तरी दिलीप रोज सकाळी नाल्याच्या कडेनं खाली चालत जातो. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ट्रॅक्टर आता भाऊ चालवतो. सीताबाई मला फोनवर म्हणाली, जेवत नाही बाई धड. म्हणतो, मी माणूस सोडला.

मी त्याला यवतमाळला घरी बोलावलं. गाडी टिनाच्या शेडखाली उभी होती. यांनी खुर्चीवरून उठून त्याला हात जोडले. तो लाजला. मी म्हटलं, “दिलीप, इकडं ये. हे पाह्य. हात घाल इथं. सांग मले, इथं माणूस उभा राह्यतो का?”

त्यानं डावा हात घातला. खाच चाचपली. डिक्कीवर थापटी मारली.

“नाही राह्यत, काकू.”

“मंग? तू धरलं ते या छताचं कापड होतं. पाण्यात उभं राह्यलं असंल माणसासारखं.”

“कापड काळं हाय. तो खाकीत होता.”

“बरं, मंग हे छताच्या आतलं लोखंड असंल. हा दांडा. हा पाह्य, मनगटाएवढा हाय.”

त्यानं दांडा धरून पाहिला. बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाला, “काकू, दांड्याले बोटं नसते. त्यानं बी मले धरलं होतं.”

मी कापडाची घडी परत खाचेत दाबली.

यांनी एकदाच विचारलं, “वढत होता का तो तुले? आत?”

दिलीपनं विचार केला. “नाही काका. ढकलत होता. मले वर ढकलून राह्यला होता.” मग जमिनीकडे बघत म्हणाला, “म्हणूनच तर म्हणतो... मी सोडाले नव्हतं पाह्यजे.”

हे आत निघून गेले. मी चहा केला, दिलीपनं घेतला नाही. जाताना मी त्याला म्हटलं, “त्याले मरून पाच वर्षं झाले. मेलेल्या माणसाले तू दुसऱ्यांदा मारू शकत नाही. घरी जा अन् जेव.” तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सीताबाईचा फोन आला, पुन्हा नाल्यावर गेला म्हणून.

म्हणून हे लिहिलं. मला यातलं काही कळत नाही. कळलं असं सोंगही मी करणार नाही. कोणी उतारे, गंडेदोरे सांगू नका, मी करणार नाही. पण दिलीपच्या मोबाइलवर हा ग्रुप आहे. तो वाचतो. माझं तोंडचं त्याला पटत नाही, कदाचित लिहिलेलं पटेल. म्हणून नीट मोजून लिहिते.

दिलीप, त्या दिवशी पाण्यात तीन माणसं गेली होती. मी, माझा नवरा आणि तू. तिन्ही जिवंत आहेत.